दोन पात्यांपासून मतपेटीपर्यंत : धार-देवासच्या उदाहरणावरून राज्यपद्धतींचा तौलनिक अभ्यास

राज्यशास्त्राच्या पुस्तकात लोकशाही आणि हुकूमशाही यांची तुलना बहुधा दोन रकान्यांच्या तक्त्यात दिलेली असते. एका बाजूला गुण, दुसऱ्या बाजूला दोष. विद्यार्थी तो तक्ता पाठ करतो, परीक्षेत उतरवतो आणि विसरतो. आपण माळव्यातले मराठी भाषक मात्र असे भाग्यवान की, ही तुलना आपल्याला पायाखालच्या रस्त्यावर करता येते. देवास शहर एके काळी दोन राज्यांची राजधानी होते. थोरली पाती आणि धाकटी पाती या पवार घराण्याच्या दोन शाखांची राज्ये एकाच गावात नांदत होती, त्यांच्या कचेऱ्या, न्यायालये आणि पोलीस वेगवेगळे होते, आणि शहराची हद्द मुख्य रस्त्याने पडली होती. पलीकडच्या घरातला शेजारी दुसऱ्या राजाची प्रजा होता. आज त्याच रस्त्याच्या दोन्ही बाजूंचे लोक एकाच मतदान केंद्रावर रांगेत उभे राहू शकतात. मधल्या काळात नेमके काय बदलले आणि काय बदलले नाही, याचा विचार या लेखात करावयाचा आहे.

तुलना कशाची करायची?

राज्यपद्धतीची पारख राज्यकर्त्याच्या स्वभावावरून करू नये, ही या अभ्यासाची पहिली पायरी आहे. राजा दयाळू असू शकतो आणि निवडून आलेला मंत्री उद्धट असू शकतो. म्हणून माणसाऐवजी व्यवस्थेला प्रश्न विचारावे लागतात. असे चार प्रश्न पुरेसे आहेत.

पहिला : निर्णय कोण घेतो, आणि त्याला तो अधिकार कोणी दिला? दुसरा : तो निर्णय चुकला तर त्याला रक्तपात न होता पदावरून दूर करता येते का? तिसरा : त्याच्या विरोधात बोलणाऱ्याचे, लिहिणाऱ्याचे, संघटना बांधणाऱ्याचे काय होते? चौथा : कायदा त्याच्यावरही चालतो का, की तो म्हणेल तोच कायदा?

अमेरिकी अभ्यासक रॉबर्ट डाल यांनी १९७१ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात ही मोजणी दोन अंगांनी केली. सत्तेसाठी खुली स्पर्धा किती आहे हे एक अंग, आणि त्या स्पर्धेत किती लोकांना भाग घेता येतो हे दुसरे. दोन्ही अंगे वेगळी ठेवल्याचा फायदा असा की, मधल्या अवस्था दिसू लागतात. मोजक्याच लोकांना मत असलेली पण खरी स्पर्धा असलेली राज्ये असतात, आणि सर्वांना मत असूनही स्पर्धा नसलेली राज्ये असतात. दुसऱ्या प्रकारात निवडणूक होते, निकाल मात्र आधीच ठरलेला असतो. ॲडम प्रेझवर्स्की यांनी हीच गोष्ट आणखी सोप्या कसोटीवर आणली. जिथे सत्ताधारी पक्ष निवडणूक हरू शकतो आणि हरल्यावर खुर्ची सोडतो, तिथे लोकशाही आहे असे समजावे.

दुसऱ्या बाजूलाही सगळे एकसारखे नसते. राजेशाही, लष्करशाही, एकपक्षीय राजवट आणि एका व्यक्तीभोवती उभी राहिलेली हुकूमशाही यांच्या चाली वेगळ्या असतात. स्पेनचा अभ्यास करून हुआन लिंझ यांनी १९६४ साली दाखवून दिले की, माणसाच्या मनावर आणि घरावरही ताबा मागणारी सर्वंकष सत्ता वेगळी, आणि ‘राजकारणात पडू नका, मग तुमचे तुम्ही जगा’ असे म्हणणारी एकाधिकारशाही वेगळी. आपली संस्थाने या दुसऱ्या प्रकाराच्या जवळची होती. त्यांनी रयतेच्या देवधर्मात, लग्नकार्यात, भाषेत फारसा हात घातला नाही. पण राज्यकारभारात रयतेचा आवाज त्यांनी मानलाही नाही.

राजाचाही राजा

देवासचे राज्य तुकोजीराव आणि जिवाजीराव या पवार बंधूंनी १७२८ साली स्थापन केले. धारला पवारांचीच दुसरी शाखा होती. मराठ्यांच्या माळव्यातील स्वाऱ्यांतून ही घराणी इथे रुजली. १८१८ साली देवासने आणि १८१९ च्या जानेवारीत धारने इंग्रजांशी तह केला, आणि तिथून संस्थानी कारभाराचे खास रूप तयार झाले.

विसाव्या शतकाच्या आरंभी धारचे क्षेत्रफळ १,७७५ चौरस मैल होते आणि १९०१ च्या शिरगणतीप्रमाणे लोकसंख्या १,४२,११५ होती. देवासची थोरली पाती ४४६ चौरस मैलांची आणि ६२,३१२ लोकांची, तर धाकटी पाती ४४० चौरस मैलांची आणि ५४,९०४ लोकांची. म्हणजे देवासचे एकेक राज्य आजच्या एखाद्या तालुक्याएवढे होते. तरीही प्रत्येकाला दरबार होता, दिवाण होता आणि पंधरा तोफांची सलामी होती.

या राज्यांत अंतिम सत्ता कोणाची होती? रयतेच्या दृष्टीने राजाची. पण १८५७ साली धारला जे घडले त्यावरून खरे उत्तर कळते. राजा आनंदराव तेव्हा अल्पवयीन होता. संस्थानच्या पदरच्या भाडोत्री शिपायांनी उठाव करून किल्ला ताब्यात घेतला. इंग्रज फौजेने ऑक्टोबरमध्ये वेढा देऊन तो परत घेतला आणि संपूर्ण संस्थानच जप्त केले. १८६० साली ते परत मिळाले, पण बैरसिया परगणा त्यातून वगळून भोपाळच्या बेगमेला देण्यात आला. राज्य गेले, राज्य आले, परगणा तुटला. यांपैकी एकाही गोष्टीसाठी तिथल्या लोकांना कोणी काही विचारले नाही. राजालाही फारसे विचारले नाही.

१८८७-८८ च्या सुमाराची धार आणि देवासची तांब्याची नाणी शाळेला कुठे पाहायला मिळाली तर विद्यार्थ्यांना जरूर दाखवावीत. एका बाजूला संस्थानाचे नाव, आणि दुसऱ्या बाजूला महाराणी व्हिक्टोरियाचा मुखवटा. दुहेरी सत्तेचे इतके स्पष्ट चित्र दुसरे नाही. राजा खाली जबाबदार नव्हता, तो वर जबाबदार होता. पोलिटिकल एजंटाची मर्जी हीच त्याच्यावरची एकमेव वेसण होती. म्हणून संस्थानी राज्य हे निव्वळ राजेशाहीही नव्हते. परक्या साम्राज्याने आधार दिलेली आणि त्या आधारामुळेच प्रजेच्या रोषापासून सुरक्षित झालेली अशी ती एकाधिकारशाही होती.

चांगल्या माणसाचा प्रश्न

‘राजा चांगला असेल तर काय बिघडले?’ हा प्रश्न वर्गात हमखास येतो. तो टाळू नये, कारण त्याला आधार आहे. आनंदराव पवारांच्या निधनानंतर धारचे राज्य शिंदे-होळकरांच्या लुटालुटीत बुडायच्या बेतात असताना मीनाबाई पवारांनी ते धैर्याने आणि कौशल्याने तगवून धरले. इंग्रज इतिहासकारांनीही त्यांचे कर्तृत्व मान्य केले आहे. त्यांना कोणी निवडून दिले नव्हते, तरी त्यांनी राज्य राखले.

पण आता देवासच्या थोरल्या पातीकडे पाहू. तिसरे तुकोजीराव १८९९ साली लहानपणीच गादीवर आले. ते बुद्धिमान, प्रेमळ, भाविक आणि संगीतात रमणारे होते. कोल्हापूरच्या शाहू छत्रपतींचे ते जावई. इंग्रज कादंबरीकार ई. एम. फॉर्स्टर १९२१ साली काही महिने त्यांचे खासगी चिटणीस होते. देवासच्या आठवणींचे आणि पत्रांचे ‘द हिल ऑफ देवी’ हे त्यांचे पुस्तक १९५३ साली प्रसिद्ध झाले, आणि त्यात महाराजांविषयीचे प्रेम पानोपानी आहे. गोकुळाष्टमीचा उत्सव महाराज ज्या तन्मयतेने करीत, त्याचे तपशीलवार वर्णनही त्यात आहे.

आणि तरीही राज्याचा खजिना खालावत गेला. कर्ज वाढले, घरातही बेबनाव झाला, युवराज विक्रमसिंहराव देवास सोडून गेले. अखेर १९३३ साली महाराज फ्रेंचांच्या ताब्यातील पाँडिचेरीला गेले आणि परत आले नाहीत. १९३७ साली तिथेच त्यांचे निधन झाले. रस्त्याच्या पलीकडच्या धाकट्या पातीवर असा प्रसंग आला नाही. एकाच गावातल्या, एकाच भाषेच्या, एकाच बाजारात सौदा करणाऱ्या लोकांचे भवितव्य त्यांचे घर रस्त्याच्या कोणत्या बाजूला आहे यावर ठरत होते.

इथे दोष महाराजांच्या स्वभावावर ढकलून मोकळे होता येत नाही. खरा प्रश्न असा की, खजिना रिकामा होत असताना ते थांबवण्याचा मार्ग रयतेकडे कोणता होता? अंदाजपत्रकावर चर्चा करणारी निवडून आलेली सभा नव्हती, राजाच्या खर्चाला बांधील न राहता हिशेब तपासणारा नव्हता, राजावर टीका करील असा विरोधी पक्ष नव्हता. प्रजेला कळण्याचा हक्क नव्हता आणि कळले तरी बोलण्याचा नव्हता. इंग्रज सरकार हा एकच दरवाजा होता आणि त्याची किल्ली प्रजेकडे नव्हती. एकाधिकारशाहीचे मोठे वैगुण्य दुष्टपणात नसून दुरुस्तीची सोय नसण्यात आहे. मीनाबाई लाभल्या तर राज्य तरले. नाही लाभल्या तर बुडाले. राज्य म्हणजे नशिबाचा खेळ झाला.

बदलाचे तीन दरवाजे

एकाधिकारशाही लोकशाहीत कशी बदलते? जगभरच्या उदाहरणांवरून तीन वाटा दिसतात : वरून, खालून आणि बाहेरून. मराठी मुलखात तिन्ही वाटांची उदाहरणे सापडतात.

वरून झालेल्या बदलाचे उदाहरण साताऱ्याकडील औंध संस्थान. भवानराव पंतप्रतिनिधी यांनी आपण होऊन सत्ता सोडण्याचे ठरविले. महात्मा गांधींच्या सल्ल्याने राज्यघटना तयार झाली आणि २१ जानेवारी १९३९ पासून सुमारे ७२ गावांच्या त्या छोट्या राज्यात ग्रामपंचायतींच्या पायावर स्वराज्य सुरू झाले. राजपुत्र अप्पासाहेब पंत आणि पोलंडहून आलेले मॉरिस फ्रिडमन यांचा त्यात मोठा वाटा होता. आपल्या काळात भूतानच्या राजाने याच वाटेने २००८ साली देशाला निवडणुकीपर्यंत आणले. ही वाट शांत असते, पण ती राजाच्या मनावर अवलंबून असते. म्हणून ती क्वचितच दिसते.

खालून होणाऱ्या बदलाचे उदाहरण हैदराबाद संस्थानातील लोकलढा. स्वामी रामानंद तीर्थांच्या नेतृत्वाखाली मराठवाड्यातील माणसांनी जबाबदार राज्यपद्धतीसाठी तुरुंगवास सोसला, रझाकारांचा जुलूम सोसला. तरीही १७ सप्टेंबर १९४८ रोजी निजामाची सत्ता संपली ती भारतीय फौज आत गेल्यानंतर. म्हणजे खालची वाट आणि बाहेरची वाट तिथे एकत्र आल्या. नेपाळमध्ये २००६ च्या जनआंदोलनापुढे राजाला नमावे लागले आणि २००८ साली तो देश गणराज्य झाला.

बाहेरून झालेल्या बदलाचे उदाहरण गोवा. १९ डिसेंबर १९६१ रोजी पोर्तुगीज सत्ता गेली आणि डिसेंबर १९६३ मध्ये गोवेकरांनी पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत मतदान करून दयानंद बांदोडकरांच्या पक्षाला सत्तेवर आणले. यातली गंमत लक्षात घेण्यासारखी आहे. ज्या पोर्तुगालने गोव्यावर राज्य केले, त्या पोर्तुगालमध्ये हुकूमशाही १९७४ च्या एप्रिलमध्ये संपली आणि मुक्त निवडणूक १९७५ साली झाली. राज्य करणाऱ्यांच्या आधी अकरा वर्षे गोव्याने मोकळेपणी मत दिले.

धार आणि देवास कोणत्या वाटेने गेले? मुख्यतः बाहेरच्या. देशी संस्थानांतील प्रजेची अखिल भारतीय परिषद १९२७ साली मुंबईत स्थापन झाली, आणि प्रजामंडळांच्या चळवळीने ‘जबाबदार राज्यपद्धती’ हा शब्द संस्थानांच्या बाजारपेठांत आणला. पण निर्णायक गोष्ट घडली ती १९४७ साली, जेव्हा इंग्रजांचे सार्वभौमत्व संपले. वरचा आधार निघताच इमारत उभी राहीना. सरदार पटेल आणि व्ही. पी. मेनन यांच्या विलीनीकरणाच्या धोरणाप्रमाणे ग्वाल्हेर, इंदूर आणि माळव्यातील लहानमोठ्या संस्थानांच्या राजांनी एप्रिल १९४८ मध्ये करारावर सह्या केल्या. २८ मे १९४८ रोजी ग्वाल्हेरला पंडित नेहरूंच्या हस्ते मध्यभारत संघाचे उद्घाटन झाले. जिवाजीराव शिंदे राजप्रमुख आणि लीलाधर जोशी पहिले मुख्यमंत्री झाले. त्याआधीच, १९४७ साली, थोरल्या पातीचे विक्रमसिंहराव कोल्हापूरच्या गादीवर दत्तक जाऊन शहाजी छत्रपती झाले होते. देवासच्या दोन्ही पात्या एका जिल्ह्यात आल्या, आणि १ नोव्हेंबर १९५६ रोजी मध्यभारत मध्यप्रदेशात विलीन झाले.

बाहेरच्या वाटेने आलेल्या लोकशाहीची एक उणीव सांगितली पाहिजे. ती मिळते लवकर, पण तिची सवय लागायला वेळ जातो. ज्यांनी कधी सभा भरवली नाही, पत्रक काढले नाही, ठराव मांडला नाही, त्यांच्या हाती एका सकाळी सगळे हक्क येतात. ते वापरायचे कसे, हे हक्क मिळाल्यानंतर शिकावे लागते.

प्रजेचे मतदार होणे

१९५१-५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीसाठी देशात सुमारे १७ कोटी ३० लाख मतदारांची नोंद झाली. तेव्हाची साक्षरता साधारण १८ टक्के होती. यादी करताना उत्तर आणि मध्य भारतात एक विलक्षण अडचण आली. लाखो स्त्रियांनी स्वतःचे नाव सांगितलेच नाही; ‘अमक्याची आई’, ‘तमक्याची बायको’ एवढेच सांगितले. निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांनी अशा नोंदी मान्य केल्या नाहीत आणि सुमारे २८ लाख स्त्रियांची नावे यादीतून गळाली. हा निर्णय कठोर होता. पण त्यामागचे तत्त्व राजेशाही आणि लोकशाही यांतला फरक सांगते. प्रजा ही कोणाची तरी असते. मतदाराला मात्र स्वतःचे नाव लागते.

बदल किती खोल गेला, हे पाहण्यासाठी आजचे दोन तपशील घेऊ. आज धार लोकसभा मतदारसंघ अनुसूचित जमातींसाठी आणि देवास लोकसभा मतदारसंघ अनुसूचित जातींसाठी राखीव आहे. दरबारात ज्यांना बसण्याची जागा नव्हती, त्यांच्यातूनच इथला खासदार निवडावा लागतो. दुसरा तपशील असा की, देवास विधानसभा मतदारसंघातून १९९० पासून २०१५ साली निधन होईपर्यंत थोरल्या पातीच्या घराण्यातील तुकोजीराव पवार निवडून येत राहिले आणि पुढे गायत्रीराजे पवार निवडून आल्या. काही जण म्हणतील, मग बदलले काय? नाव तेच, घराणे तेच. पण आपले चार प्रश्न इथे लावून पाहा. १९३३ च्या तुकोजीरावांना प्रजा दूर करू शकत नव्हती. अलीकडच्या तुकोजीरावांना प्रत्येक निवडणुकीत गल्लोगल्ली जाऊन मत मागावे लागले, आणि ते न देण्याचा अधिकार प्रत्येक दारामागच्या माणसाकडे होता. मान परंपरेने मिळू शकतो, सत्ता मात्र मुदतीने मिळते. तरीही घराण्याची पुण्याई मतपेटीपर्यंत पोचते, याचा अर्थ कायदा एका दिवसात बदलतो आणि समाजाचे मन पिढ्यांनी बदलते, असा घ्यावा लागेल. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत.

वाट मागेही वळू शकते, हे विसरू नये. जर्मनीत १९३३ साली हिटलर कायदेशीर मार्गाने चान्सेलर झाला आणि काही महिन्यांत बाकीचे पक्ष संपवले गेले. आपल्याकडे २५ जून १९७५ ला आणीबाणी जाहीर झाली. वृत्तपत्रांवर नियंत्रण आले, विरोधी नेते तुरुंगात गेले. त्या वर्षीच्या कऱ्हाडच्या मराठी साहित्य संमेलनाच्या अध्यक्षा दुर्गा भागवत यांनी लेखनस्वातंत्र्याची बाजू उघडपणे मांडली आणि पुढे तुरुंगवास पत्करला. १९७७ साली निवडणूक झाली, सत्ताधारी पक्ष हरला, खुद्द पंतप्रधान हरल्या आणि त्यांनी पद सोडले. प्रेझवर्स्कींच्या कसोटीला देश उतरला. पण मधले एकवीस महिने हेही सांगून गेले की, लोकशाही एकदा मिळाली म्हणजे कायमची झाली, असे होत नाही.

आपल्या भाषेचे काय झाले?

आता एक असा प्रश्न, जो धार-देवासच्या मराठी वाचकाला थेट भिडतो. संस्थानी काळात राजघराण्यात, सरदार-मानकऱ्यांच्या वाड्यांत, दरबारच्या वावरात मराठी होती. रयतेच्या तोंडी मालवी, निमाडी, भिली. संस्थाने गेली, बहुमताचे राज्य आले आणि राज्यभाषा हिंदी झाली. ते न्याय्यच होते. कारभार बहुसंख्य लोकांना कळेल अशा भाषेत चालावा, ही लोकशाहीची साधी मागणी आहे. पण आपल्या बाजूने पाहिले तर असे दिसते की, एकाधिकारशाहीने मराठीला छत्र दिले होते आणि लोकशाहीत ते छत्र गेले.

मग मराठी माणसाने जुन्या दिवसांचा हळहळ करीत बसावे काय? मला तसे वाटत नाही. दरबारात मराठी होती ती राजा मराठी होता म्हणून. ती राजाची भाषा होती, आपला हक्क नव्हे. दुसरी भाषा आवडणारा राजा आला असता तर दाद मागायला जागा नव्हती. आणि मालवी किंवा भिली बोलणाऱ्याला तर त्या काळीही दाद नव्हतीच. आज राज्यघटनेचे २९ वे कलम प्रत्येक समूहाला आपली भाषा आणि लिपी जतन करण्याचा अधिकार देते, ३० वे कलम अल्पसंख्याकांना शिक्षणसंस्था चालविण्याचा अधिकार देते, आणि १९५६ साली आलेले ३५०क हे कलम प्राथमिक शाळेत मातृभाषेतून शिक्षणाची सोय करावी असे राज्यांना सांगते. हे छत्र राजाच्या मर्जीवर नाही. मात्र ते आपोआप डोक्यावर येत नाही. मागावे लागते, मोजणीत आपली मातृभाषा मराठी म्हणून नोंदवावी लागते, शाळेत मुले पाठवावी लागतात. कृपा बसल्या जागी मिळते, हक्कासाठी उठावे लागते.

यासाठी मराठीत राजाश्रय आणि लोकाश्रय असे दोन नेमके शब्द आहेत. संस्थान संपले त्याच १९४८ साली कुमार गंधर्व क्षयाने आजारी असताना देवासला आले आणि तिथेच राहिले. त्यांच्यामागे दरबार नव्हता. त्यांनी माळव्याच्या लोकधुना ऐकल्या, त्यांतून नवे राग बांधले, आणि देशभरच्या श्रोत्यांनी त्यांना उचलून धरले. राजाश्रय संपला म्हणून कला संपली नाही. भाषेलाही हाच मार्ग आहे.

शब्दांतून दिसणारा इतिहास

भाषेच्या शिक्षकांना हा धडा शब्दांच्या वाटेनेही शिकवता येईल. ‘रयत’ हा मूळ अरबी शब्द. त्याच्या मुळाशी राखणदाराने सांभाळायच्या कळपाची कल्पना आहे. ‘प्रजा’ या संस्कृत शब्दाचा एक अर्थ संतती. दोन्ही शब्दांत राज्यकर्ता धनी किंवा बाप आहे, म्हणूनच ‘मायबाप सरकार’ हा प्रयोग रुळला. ‘सरकार’ हे एके काळी माणसाला उद्देशून संबोधन होते. आज ती एक संस्था आहे, जी बदलते, पडते, कोर्टात हरते. ‘उमेदवार’ म्हणजे आशेवर असलेला. पूर्वी नोकरीच्या आशेने कचेरीत राबणाऱ्याला उमेदवार म्हणत, आणि ‘उमेदवारी करणे’ हा प्रयोग त्या अर्थाने अजून आहे. आज सत्तेची आशा धरून आपल्या दारी येणारा तो उमेदवार. कोण कोणाच्या दाराशी उभा आहे, हे उलटे झाले. शब्द तोच राहिला.

आणि ‘लोकशाही’? निजामशाही, आदिलशाही यांच्याच साच्यातला हा शब्द. त्यातला शाह म्हणजे बादशहा. बादशाही गेली असे आपण म्हणतो, पण मराठीने बादशहाची जागा रिकामी ठेवली नाही. तिथे ‘लोक’ बसवले. त्याच साच्यातून ‘घराणेशाही’, ‘नोकरशाही’, ‘झुंडशाही’ हेही शब्द निघाले, आणि लोकांनी आपली जागा सोडली की ती कोण घेते, हे तेच शब्द सांगतात.

वर्गासाठी

शेवटी शिक्षकांसाठी काही सूचना. विद्यार्थ्यांकडून पुढील प्रश्नांची उत्तरे लिहून घ्यावीत. एकच बरोबर उत्तर अपेक्षित नाही.

१. मीनाबाई पवार आणि तिसरे तुकोजीराव यांची तुलना करा. दोघांच्या राज्यातील यशापयश व्यक्तीमुळे किती आणि व्यवस्थेमुळे किती?

२. औंध, हैदराबाद आणि मध्यभारत या तिन्ही ठिकाणी सत्ता कशी बदलली? कोणत्या वाटेने आलेली लोकशाही अधिक टिकाऊ ठरेल असे तुम्हांला वाटते, आणि का?

३. घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारा : आजोबा-पणजोबांच्या काळी सरकारदरबारी अर्ज कसा लिहीत? त्यातले मायने आणि आजच्या अर्जातले शब्द शेजारी मांडा.

४. लेखातील चार प्रश्न आपल्या शाळेच्या मंडळाला, गृहनिर्माण संस्थेला किंवा गावच्या मराठी समाजाच्या कार्यकारिणीला लावून पाहा. अध्यक्ष कसे निवडले जातात? हिशेब कोण पाहतो? विरोधी मत नोंदवले जाते का?

चौथा प्रश्न सर्वांत अवघड जाईल. राजे-महाराजांची चिकित्सा सोपी असते, कारण ते गेले. आपल्या दहा-वीस माणसांच्या संस्थेत मात्र वर्षानुवर्षे एकच अध्यक्ष असतो, आणि ‘त्यांच्याशिवाय कोण करणार?’ असे आपणच म्हणतो. देवासच्या थोरल्या पातीतही लोक असेच म्हणत असतील. लोकशाही शिकण्याची सुरुवात या प्रश्नापासून करावी.